दशांशाचे टिंब की स्वल्पविराम? शेल स्क्रिप्टमधील आकड्यांचे स्थानिक संकेत

मावळ तालुक्यातील पवनानगरला लागून पवना नदीवर जे धरण आहे, त्याची उपयुक्त साठवण क्षमता ८.५१ टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. पावसाळा सुरू झाला की या धरणाच्या साठ्याकडे पिंपरी-चिंचवडकरांचे लक्ष लागून राहते, कारण शहराची तहान मुख्यतः याच पाण्यावर भागते. साठ्याचा आकडा वर्तमानपत्रात येतो, फलकावर लिहिला जातो आणि संगणकातील तक्त्यातही भरला जातो. माणूस तो 'आठ पूर्णांक एक्कावन्न' असा वाचून मोकळा होतो. संगणकाला मात्र आठ आणि एक्कावन्न यांच्यामधल्या टिंबाचा अर्थ कोणीतरी सांगावा लागतो. तो अर्थ चुकला आणि टिंबापुढचा भाग गळला, तर ५१ कोटी घनफूट, म्हणजे सुमारे १,४४४ कोटी लिटर पाणी कागदावरून नाहीसे होते. दिवसाला ५० कोटी लिटर पाणी लागणाऱ्या एखाद्या शहराची ती जवळजवळ २९ दिवसांची गरज झाली.

अशी चूक होण्याची शक्यता सर्वाधिक कोठे असते? लिनक्स आणि युनिक्स घराण्यातील संगणकांवर रोजची कामे आपोआप उरकणाऱ्या छोट्या आज्ञावल्यांत, म्हणजे शेल स्क्रिप्टमध्ये. रात्री बारा वाजता आकडे गोळा करणे, त्यांची बेरीज करणे, सकाळचा तक्ता तयार ठेवणे ही कामे अशा स्क्रिप्ट वर्षानुवर्षे निमूटपणे करीत असतात. त्यांच्याकडे रोज कोणी पाहत नाही. म्हणूनच दशांशचिन्हाचा प्रश्न नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

(या लेखात आज्ञांची व संगणकीय संज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन अक्षरांत टंकावयाची असतात. तसेच देवनागरी अंकांविषयीचा भाग वगळता, संगणकाला दिलेले आकडे इंग्रजी अंकांतच आहेत असे समजावे.)

देशोदेशीचे संकेत

भारतात दशांशचिन्ह म्हणून टिंब वापरले जाते. ब्रिटन, अमेरिका, चीन आणि जपान येथेही तोच संकेत आहे. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, ब्राझील आदी देशांत मात्र त्या जागी स्वल्पविराम येतो. जर्मन माणूस पवना धरणाची क्षमता ८,५१ अशी लिहील आणि हजारांचे गट पाडण्यासाठी टिंब वापरील. परिणामी '१,२३४' हा आकडा पुण्यात एक हजार दोनशे चौतीस असतो, तर म्युनिकमध्ये एकाहून थोडा अधिक. हे दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे केवळ आकड्याकडे पाहून त्यातला कोणता अभिप्रेत आहे, हे माणसालाही सांगता येत नाही.

मराठी मुलखालाही हे वैविध्य अगदीच अपरिचित नाही. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात १९५८ मध्ये रुपियाच्या जागी एस्कुदो हे चलन आले. एस्कुदोची रक्कम लिहिताना पूर्ण एस्कुदो आणि त्याचे शतांश यांच्यामध्ये टिंब किंवा स्वल्पविराम न देता 'सिफ्रांव' नावाचे, डॉलरच्या चिन्हासारखे दिसणारे चिन्ह लिहिण्याची पोर्तुगीज प्रथा होती. त्याच सुमारास, १ एप्रिल १९५७ रोजी, भारतात रुपया, आणे, पै ही व्यवस्था जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला होता. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना शतांशाची नाणी खुळखुळत होती, पण ती लिहिण्याची रीत वेगळी होती.

वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये दशांशचिन्ह म्हणून टिंब व स्वल्पविराम ही दोन्ही चिन्हे ग्राह्य मानली. मोठ्या संख्यांचे तीन-तीन अंकांचे गट पाडायचे झाल्यास मध्ये केवळ मोकळी जागा सोडावी, टिंब वा स्वल्पविराम देऊ नये, असेही परिषदेने सांगितले. म्हणजे जगाने एकच चिन्ह स्वीकारलेले नाही, आणि नजीकच्या काळात ते स्वीकारेल अशी चिन्हेही नाहीत. संगणकाला या वैविध्यासह जगावे लागते.

लोकेल : संगणकाची स्थानिक ओळख

यासाठी जी व्यवस्था निर्माण झाली, तिला 'लोकेल' असे म्हणतात. वापरणाऱ्याची भाषा कोणती, देश कोणता, अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवायची, तारीख कशी लिहायची, वर्णानुक्रम कोणता आणि दशांशचिन्ह कोणते, या साऱ्या संकेतांचा तो संच होय. सी या संगणकभाषेच्या १९८९ च्या प्रमाणकात लोकेलची कल्पना समाविष्ट झाली आणि युनिक्स घराण्याच्या पॉझिक्स प्रमाणकानेही ती स्वीकारली.

लोकेलचे अनेक विभाग असतात. त्यांतील 'एलसी_न्यूमेरिक' हा विभाग दशांशचिन्ह व अंकांचे गट ठरवतो, 'एलसी_सीटाइप' हा अक्षरांची ओळख ठरवतो. एखाद्या विभागाचे मूल्य शोधताना संगणक प्रथम 'एलसी_ऑल' पाहतो. ते दिलेले असेल तर इतर सर्व मूल्ये निष्प्रभ ठरतात. ते नसेल तर त्या विभागाचे स्वतःचे मूल्य पाहिले जाते, आणि तेही नसेल तर 'लँग' या सर्वसाधारण मूल्याचा आधार घेतला जातो. हा अग्रक्रम लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे. एलसी_ऑल आधीच ठरलेले असताना एलसी_न्यूमेरिक कितीही वेळा बदलले तरी उपयोग होत नाही. 'लोकेल' ही आज्ञा दिली की सध्या कोणती मूल्ये लागू आहेत ते पडद्यावर दिसते.

कोणत्याही देशाशी न बांधलेले 'सी' नावाचे एक मूळ लोकेलही असते. त्यात दशांशचिन्ह टिंब असते आणि हजारांचे गट पाडण्यासाठी कोणतेही चिन्ह नसते. संगणकाच्या दृष्टीने ही तटस्थ भूमी होय.

नेमके बिघडते कोठे?

सर्वाधिक प्रचलित असलेले 'बॅश' हे शेल मुळात दशांश जाणतच नाही. त्याचे अंतर्गत गणित केवळ पूर्णांकांचे आहे. गणिताच्या दुहेरी कंसात ८.५१ लिहिल्यास बॅश चूक दाखवून थांबते. यात एक प्रकारची सुरक्षितता आहे. पण त्याच कंसात जर्मन पद्धतीने ८,५१ लिहिले तर बॅश तक्रार करीत नाही. त्या कंसात स्वल्पविरामाचा अर्थ 'आधीचे सोडा, शेवटचे घ्या' असा असतो, त्यामुळे उत्तर येते ५१. भारतीय पद्धतीने लिहिलेले १,२०,००० हे एक लाख वीस हजार याच न्यायाने शून्य होतात.

तुलना करतानाही काळजी घ्यावी लागते. पूर्णांकांच्या तुलनेची आज्ञा दशांश अपूर्णांक नाकारते. म्हणून कोणी दुहेरी चौकटी कंसात 'पेक्षा मोठे' हे चिन्ह वापरले, तर तेथे अंकांची नव्हे, अक्षरांची तुलना होते आणि ८.५१ हा आकडा १०.२ पेक्षा मोठा ठरतो, कारण आठ हे अक्षर एकच्या नंतर येते.

दशांशाच्या गणितासाठी बहुधा 'बीसी' या गणकाची मदत घेतली जाते. बीसी लोकेल पाहत नाही. त्याचे दशांशचिन्ह सदैव टिंबच. त्याचे उत्तर नीटनेटके, दोन दशांशस्थळांपर्यंत छापण्यासाठी 'प्रिंटएफ' वापरतात, आणि प्रिंटएफ लोकेलप्रमाणे चालते. भारतीय किंवा सी लोकेलमध्ये ही जोडी सुखाने नांदते. जर्मन लोकेलमध्ये मात्र बीसीकडून आलेले ८.५१ प्रिंटएफला कळत नाही. बॅशच्या प्रचलित आवृत्त्यांतील अंतर्गत प्रिंटएफ 'अवैध संख्या' असा संदेश देते, पण तेथे थांबत नाही. टिंबापर्यंतचे आठ घेऊन ते '८,००' असे छापून टाकते. संदेश त्रुटींच्या वेगळ्या प्रवाहात जातो, छापलेला आकडा तक्त्यात जातो. तक्ता पाहणाऱ्याला अर्धा टीएमसी कोठे गेला याचा पत्ताही लागत नाही.

'ऑक' या आज्ञेचा इतिहास उद्बोधक आहे. आकडे वाचताना आणि छापताना लोकेलचे दशांशचिन्ह पाळावे, असे पॉझिक्स प्रमाणक सांगते. ग्नू प्रकल्पाच्या ऑकने एकेकाळी ते काटेकोरपणे पाळलेही. पण ज्या देशांत स्वल्पविरामाची रूढी आहे, तेथील वापरकर्त्यांनीच तक्रारी केल्या, कारण त्यांच्या माहितीच्या फाइलींमध्ये आकडे टिंबानेच लिहिलेले होते. अखेर टिंब हेच पुन्हा नेहमीचे चिन्ह झाले आणि लोकेल पाळण्यासाठी वेगळा पर्याय ठेवला गेला. त्यामुळे ग्नू ऑकला ८,५१, ७,७५ आणि ६,९० या तीन आकड्यांची बेरीज करावयास दिली, तर २३.१६ ऐवजी २१ हे उत्तर येते. स्वल्पविराम दिसताच ते पुढचे वाचणे सोडून देते, आणि तेही चूक न दाखवता.

क्रम लावणारी 'सॉर्ट' आज्ञा अंकांचा क्रम लावताना लोकेलचे दशांशचिन्ह व गटचिन्ह दोन्ही पाहते. अंकांची मालिका देणारी 'सेक' आज्ञा जर्मन लोकेलमध्ये स्वल्पविरामासह आकडे छापते. एखाद्या कामास किती वेळ लागला हे सांगणारी बॅशची 'टाइम' आज्ञाही सेकंदांचे अंश लोकेलप्रमाणेच दाखवते. २०१९ मध्ये आलेल्या बॅशच्या पाचव्या आवृत्तीत मायक्रोसेकंदापर्यंतचे घड्याळ मिळाले, त्याचेही दशांशचिन्ह लोकेलनुसार बदलते. थोडक्यात, एकाच स्क्रिप्टमधील काही आज्ञा लोकेल मानतात, काही मानत नाहीत. घोटाळा या दोहोंच्या सांध्यावर होतो.

पुण्यात चालते, म्हणून सर्वत्र चालेल?

भारतीय लोकेलमध्ये टिंब असल्यामुळे येथील प्रोग्रामरला ही अडचण सहसा जाणवत नाही. पण पुणे परिसराचा जर्मन उद्योगांशी जुना संबंध आहे. पवनानगरपासून फार लांब नसलेल्या चाकणमध्ये २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. अशा उद्योगविश्वात एक स्क्रिप्ट पुण्यात लिहिली जाते आणि युरोपातील संगणकावर चालवली जाते, किंवा तेथील तक्ता येथे येतो, हे स्वाभाविक आहे.

यात एक छुपा मार्ग आहे. दूरच्या सर्व्हरवर काम करण्यासाठी 'एसएसएच' वापरतात. डेबियन आणि त्यापासून निघालेल्या लिनक्स प्रणालींत एसएसएचची नेहमीची मांडणी अशी असते की, वापरणाऱ्याच्या संगणकावरील लोकेलची मूल्ये सर्व्हरवरही जातात. त्यामुळे सर्व्हर तोच, स्क्रिप्टही तीच, तरी पुण्यातून चालवल्यास टिंब आणि म्युनिकमधून चालवल्यास स्वल्पविराम, असे घडू शकते. 'क्रॉन'च्या वेळापत्रकाने चालणारी स्क्रिप्ट तर वापरणाऱ्याची मूल्ये बहुधा घेतच नाही. दिवसा हाताने चालवून पाहिलेली स्क्रिप्ट रात्री वेगळे उत्तर देते, त्यामागे हे कारण असू शकते.

देवनागरी अंकांचा पेच

मराठी माहितीबाबत आणखी एक पदर आहे. मराठीत अंकही देवनागरीत लिहिले जातात. जगातील भाषांचे संकेत नोंदवणाऱ्या युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक हेच नेहमीचे अंक म्हणून नोंदलेले आहेत. हिंदीसाठी तेथे इंग्रजी अंक आहेत. त्यामुळे मराठी निवडलेल्या वेब ब्राउझरमध्ये एखादा आकडा स्थानिक रूपात दाखवला की तो देवनागरीत उमटतो, शिवाय लाख-कोटींच्या गटांसह उमटतो. वाचकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण हाच दाखवलेला मजकूर उचलून पुन्हा माहिती म्हणून स्क्रिप्टला दिला, तर ऑक त्यातील प्रत्येक देवनागरी आकडा शून्य समजते. काठोकाठ भरलेले धरण एका क्षणात कोरडे!

यावर उपाय म्हणजे गणितापूर्वी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करणे. ग्नूची 'टीआर' ही आज्ञा या कामी निरुपयोगी आहे, कारण ती अक्षरे नव्हे, बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अंकाला एक बाइट लागतो, तर देवनागरी अंकाला तीन. 'सेड'ची अक्षरास अक्षर बदलणारी आज्ञा हे काम चोख करते, पण एका अटीवर. लोकेलच्या अक्षरविभागात यूटीएफ-८ असले पाहिजे.

येथेच सर्वांत प्रचलित सल्ला अडचणीत येतो. 'स्क्रिप्टच्या सुरुवातीला एलसी_ऑलला सी हे मूल्य द्या' असा तो सल्ला. त्याने दशांशचिन्ह टिंब होते हे खरे, पण त्याबरोबर अक्षरांची ओळखही पुसली जाते. सेडला दहा देवनागरी अंक तीस बाइट दिसतात, समोर दहाच इंग्रजी अंक असतात, आणि दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून ते काम नाकारते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या स्क्रिप्टसाठी म्हणूनच अधिक नेमका उपाय हवा. एलसी_ऑल रिकामे करावे, एलसी_न्यूमेरिकला तेवढे सी हे मूल्य द्यावे आणि एलसी_सीटाइपमध्ये यूटीएफ-८ राहू द्यावे. दुसरा मार्ग म्हणजे यूटीएफ-८ जाणणारे सी लोकेल वापरणे. 'सी.यूटीएफ-८' हे लोकेल डेबियनमध्ये आधीपासून होते, आणि २०२२ मध्ये ग्नू सी लायब्ररीच्या २.३५ या आवृत्तीपासून ते मूळ लायब्ररीचाच भाग झाले.

लाख, कोटी आणि स्वल्पविराम

भारतीय गटपद्धतीत शेवटचे तीन अंक आणि त्यापुढे दोन-दोन अंक असे गट पडतात. १,२०,००० हा आकडा वाचायला सोपा, पण स्क्रिप्टसाठी अवघड. माहितीचे रकाने स्वल्पविरामाने वेगळे करणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये तो अवतरणचिन्हांविना लिहिला तर एका रकान्याचे तीन रकाने होतात. ज्या देशांत दशांशचिन्हच स्वल्पविराम आहे, तेथील तक्ते याच कारणासाठी बहुधा अर्धविरामाने रकाने वेगळे करतात. तेव्हा बाहेरून आलेल्या फाइलीत आधी रकान्यांचे चिन्ह पाहावे, मग दशांशाचे.

सी लोकेलचाही येथे दुष्परिणाम होतो. त्यात गटचिन्हच नसल्यामुळे सॉर्ट १,२०,००० हे 'एक' आणि ९५,००० हे 'पंचाण्णव' म्हणून वाचते आणि पंचाण्णव हजारांना वरचढ ठरवते. फ्रेंच पद्धतीत हजारांच्या गटांमध्ये न तुटणारी अरुंद मोकळी जागा असते. ती डोळ्यांना साध्या मोकळ्या जागेसारखीच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे अक्षर असते. असे अदृश्य अक्षर शोधण्यात तास न् तास जातात.

शिस्त कोणती पाळावी?

या साऱ्याचे सार एका तत्त्वात सांगता येते. आकडा साठवताना आणि गणित करताना त्याचे रूप एकच असावे, म्हणजे इंग्रजी अंक, टिंबाचे दशांशचिन्ह आणि गटचिन्ह नाही. स्थानिक रूप केवळ शेवटच्या पायरीवर, माणसाला दाखवताना द्यावे. दाखवलेला आकडा परत गणितात आणू नये.

त्यासाठी स्क्रिप्टच्या आरंभीच संख्येचे लोकेल स्पष्टपणे ठरवावे आणि ते एक्सपोर्ट करावे, म्हणजे त्या स्क्रिप्टने बोलावलेल्या बाहेरच्या आज्ञांनाही ते लागू होईल. वापरणाऱ्याच्या संगणकावर काय असेल, यावर विसंबू नये.

दुसरे, बाहेरून आलेल्या प्रत्येक फाइलीचे दशांशचिन्ह ती पाठवणाऱ्याकडून समजून घ्यावे. '१,२३४' यासारखा आकडा पाहून अंदाज बांधणारी स्क्रिप्ट नव्वद वेळा बरोबर ठरेल आणि दहा वेळा हजारपटीने चुकेल. सर्व स्वल्पविरामांचे सरसकट टिंब करणे हाही उपाय नव्हे. त्याने भारतीय तक्त्यातील १,२०,००० चे दोन टिंबे असलेले विचित्र रूप होते.

तिसरे, गणितापूर्वी प्रत्येक आकड्याची पडताळणी करावी. सुरुवातीला हवे तर उणे चिन्ह, मग अंक, मग हवे तर एकच टिंब आणि पुन्हा अंक. या साच्यात न बसणारी नोंद बाजूला काढून त्या ओळीचा क्रमांक दाखवावा आणि काम थांबवावे. प्रिंटएफने चूक कळवली आहे का, हे त्याच्या परतीच्या मूल्यावरून तपासता येते. ते तपासण्याचा कंटाळा करू नये.

चौथे, शक्य असेल तेथे दशांश टाळावाच. रुपयांचा हिशेब पैशांत आणि टीएमसीचा दशलक्ष घनफुटांत ठेवला तर ८.५१ चे ८५१० होतात. पूर्णांकात दशांशचिन्ह नसल्यामुळे ते चुकण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि बॅशचे स्वतःचे गणितही पुरेसे होते.

शेवटी, स्क्रिप्ट तपासताना ती एकदा सी लोकेलमध्ये आणि एकदा जर्मन लोकेलमध्ये चालवून पाहावी. त्यासाठी संगणकावर जर्मन लोकेल बसवलेले असले पाहिजे. ते नसेल तर बहुतेक आज्ञा निमूटपणे सी लोकेलवर येतात आणि चाचणी उत्तीर्ण झाल्याचा केवळ भास होतो. दोन्ही वेळची उत्तरे अंकानअंक जुळली, तरच ती स्क्रिप्ट पवनानगरचा साठा पुण्यात आणि म्युनिकमध्ये सारखाच सांगेल असे मानावे.

चूक दाखवून थांबणारी स्क्रिप्ट त्रासदायक वाटते, पण तिचा राग धरण्याचे कारण नाही. तिच्यामुळे निदान कोणीतरी तक्ता उघडून पाहतो. धरणातून किती पाणी सोडायचे आणि शहरात पाणीकपात करायची का, असे निर्णय साठ्याच्या आकड्यांवर घेतले जातात. तेथे आठ पूर्णांक एक्कावन्नाचे मुकाट्याने आठ करणारी स्क्रिप्ट अधिक धोक्याची.